खडूची रेघ

सलायना अजून वीस मैल होतं
आणि पट्टा पुन्हा ओरडायला लागला.
तिसरा पट्टा. गेल्याच महिन्यात टाकलेला,
रबराचा वास अजून गेला नव्हता.
पहाटे इंजिन गार असताना लांबलचक कीऽऽ,
मग तापल्यावर टिक टिक टिक,
कुणी बंद दारावर नखानं वाजवत राहावं तशी.

आधीचे दोन मी शिव्या देऊन फेकले होते,
एक तुल्सात, एक कुठल्याशा पंपामागे.
जो ओरडतो त्याला बदला,
एवढंच मला येत होतं.

वेंडल क्राउसचं गॅरेज गव्हाच्या उंच कोठारामागे.
नोव्हेंबरचा वारा, पत्रा धडधडतोय.
त्यानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.
म्हणाला, याला सगळंच ऐकू येतं,
मला एकच पाहिजे.
मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हर
अल्टरनेटरवर टेकवला,
मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटून ऐकत राहिला
हाडांनी.

इचलकरंजीला आमच्या शेडमध्ये बाळू जॉबर
असाच फिरायचा, चोवीस मागांच्या खडखडाटात
एकाच्याच अंगावर पंजा ठेवून थबकायचा.
मालक म्हणायचा, धोटा बदल.
बाळू म्हणायचा, धोट्याचं काय न्हाई मालक,
त्येला मारणारा दांडा वाकलाय.
हे मी वेंडलला सांगितलं नाही.
धोटा त्याला कसा सांगणार होतो?

त्यानं बाटलीतलं पाणी पट्ट्यावर फवारलं.
आवाज गेला.
दोन श्वास. परत आला.
‘घसरत नाहीये. तिरका धावतोय.’

पट्टा काढून अर्धं मिनिट इंजिन चालवलं.
नुसता डिझेलचा जाडा घसा, बाकी काही नाही.
मग एकेक पुली बोटानं फिरवली,
आयडलर, पाण्याचा पंप, पंख्याची.
आत वाळूचा कण असता तर बोटाला कळला असता.
नव्हता.

पट्टा परत चढवला. इंजिन सुरू.
‘आता खाली बघ,’ म्हणाला, टॉर्च माझ्या हातात देऊन.
सगळ्यात खालची, मोठी, क्रँकची पुली
डुलत होती.
इतकी थोडी, की वाटावं आपणच हललो.

इंजिन बंद केलं. खडू घेतला, शाळेतला, पांढरा.
आतलं लोखंड, बाहेरचं लोखंड,
मध्ये करंगळीएवढं रबराचं कडं,
तिघांवरून एकच सरळ रेघ.
‘कॉफी पी,’ म्हणाला. इंजिन चालू ठेवून
आम्ही दहा मिनिटं काहीच बोललो नाही.

बंद केल्यावर रेघ तुटलेली.
आतला तुकडा जागेवर,
बाहेरचा चार बोटं पुढे गेलेला.
मधलं रबर सुटलं होतं.

सहा सिलिंडरांचा प्रत्येक हिसका
गिळायचा, हे त्याचं काम.
वेंडलनं मीटर बघितला: सात लाख मैल.
‘हे कधी वाजत नाही,’ म्हणाला,
‘म्हणून कुणी याच्याकडे वाकत नाही.’
सहाशे चाळीस डॉलर,
माल विचिटाहून गुरुवारी.

रात्री केबिनमधून घरी फोन लावला.
मुलीनंच उचलला, उचलल्या उचलल्या तक्रार,
आवाज चढलेला.
एरवी मी तिच्याहून वर चढवला असता.
बोटाला खडू लागला होता, तो पँटला पुसत
मी विचारलं, आई काय म्हणतेय?

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग पोरगी म्हणाली,
आई?
ती कुठं काय म्हणते.